उतारशाळेचा हिशेब

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतून दोन-चार गाड्या भरून मंडळी निघतात. कुणी वृद्धाश्रमात जातात, कुणी मनोरुग्णांच्या निवासात, तर कुणी मतिमंद प्रौढांच्या घरी. बरोबर केक असतो, बिस्किटांचे पुडे असतात, नवी ब्लँकेटे असतात. तासभर नाताळगीते होतात, सांताक्लॉज नाचतो, छायाचित्रे काढली जातात, संस्थेच्या वतीने कुणीतरी आभाराचे दोन शब्द बोलते आणि दुपारच्या जेवणाला सारे आपापल्या घरी परततात. त्या संध्याकाळी मनाला लाभणारे समाधान खोटे असते असे मी म्हणणार नाही. परंतु ते फार स्वस्तात मिळालेले असते, आणि त्या स्वस्त समाधानाविरुद्धच आज मला लिहावयाचे आहे.

दुसऱ्यावर बोट दाखविण्यापूर्वी स्वतःचा अपराध सांगणे उचित होईल. माझा एक मावसभाऊ जन्मतः बौद्धिकदृष्ट्या अपंग. मावशी हयात होती तोवर तो वाडीतच राहिला. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकणे, विहिरीवरचा पंप वेळेवर बंद करणे आणि संध्याकाळी नाक्यावरच्या क्रुसापाशी मेणबत्ती लावणे ही त्याची कामे. ती त्याने वर्षानुवर्षे बिनचूक केली. मावशी गेली तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. भावंडांची घरे लहान, घरातली सारी माणसे नोकरीवर. शेवटी त्याला एका लहानशा निवासात ठेवण्याचे ठरले. वीस-बावीस जणांची वस्ती, नीटनेटकी इमारत, दारात पवित्र मरियेचा पुतळा. आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पहिली तीन वर्षे मी नाताळात आणि ईस्टरच्या सुमारास त्याला भेटून आलो. प्रत्येक वेळी तो धुतलेल्या कपड्यांत, केस बारीक भादरलेले, इतरांबरोबर ओळीत बसलेला दिसे. अंगातला सदरा त्याचा नाही, हे माझ्या लक्षात आले होते. मी विचारले नाही. वजन बरेच उतरलेले दिसले. पथ्याचे जेवण त्याला मानवले असेल, अशी मी माझ्याच मनाची समजूत घातली. चौथ्या वर्षी उपवासकाळात मी कामानिमित्त त्या बाजूला गेलो होतो. एका बुधवारी दुपारी, कुणालाही न कळविता, मी आत डोकावलो. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि स्वतःच्याच मुठीने उजव्या गालावर मारून घेत होता. तेथला मदतनीस म्हणाला, "महिनाभर असेच चालले आहे. जेवत नाही, रात्री ओरडतो. हट्ट वाढला आहे. झोपेची गोळी वाढवून दिली आहे."

मी त्याला दंतवैद्याकडे घेऊन गेलो. दाढेच्या मुळाशी पू साचला होता. दाढ काढल्यावर आठवड्याभरात तो भात मागून खाऊ लागला.

वाचकहो, या हकिगतीत कुणी खलपुरुष नाही. त्याला कुणी मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते, शिवीगाळ केली नव्हती. महिनाभर एक मनुष्य दाढेच्या कळेने विव्हळत होता आणि त्याच्या तोंडात कुणी डोकावून पाहिले नव्हते, एवढेच घडले होते. डोकावून न पाहणाऱ्यांत मीही होतो. त्याच तीन महिन्यांपूर्वीच्या नाताळात त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी छायाचित्र काढून घेतले होते.

ज्यांना आपले दुखणे शब्दांत सांगता येत नाही, त्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका हाच असतो. त्यांची प्रत्येक तक्रार त्यांच्या अपंगत्वाच्या खात्यावर मांडली जाते. बद्धकोष्ठाने पोट दुखते, तो डोके आपटतो. आपण म्हणतो, वेड वाढले. कानात पू होतो, ती किंचाळते. आपण म्हणतो, नाटक करते. फिट्सवरील फेनिटॉइन हे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या हिरड्या सुजून दातांवर चढू शकतात, त्यामुळे अशा माणसाचे दात इतरांहून अधिक जपावे लागतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीला स्मृतिभ्रंशाचा आजार चाळिशी-पन्नाशीतच गाठण्याचा संभव मोठा असतो. काल स्वतःच्या हाताने आंघोळ करणारा आज तांब्या कुठे ठेवावा हे विसरतो, आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. या गोष्टी ओळखण्यास मोठ्या इस्पितळाची गरज नसते. दरमहा वजन करून वहीत लिहावे लागते, वर्षातून एकदा दात, डोळे व कान तपासून घ्यावे लागतात, आणि मुख्य म्हणजे त्या माणसाला ओळखणारे, त्याच्या रोजच्या सवयी ठाऊक असलेले एक तरी माणूस तेथे टिकून असावे लागते.

सेवेचा दर्जा म्हणतात तो यातच असतो. फरशी किती चकचकीत आहे यावरून तो कळत नाही. रात्रीचे जेवण सहा वाजता उरकले जात असेल, तर ते रहिवाशांच्या भुकेसाठी की स्वयंपाकीण घरी जाते म्हणून? कपडे धुऊन एकाच ढिगात येतात की प्रत्येकाचे त्याला परत मिळतात? कंगवा, टॉवेल, दात घासण्याचा ब्रश ज्याचा त्याला आहे काय? संडासाच्या दाराला आतून कडी आहे काय? रात्री जागे कोण असते? एखाद्याला शासकीय अनुदान मिळत असेल, तर ते कुणाच्या हाती पडते आणि त्याचा हिशेब कुठे लिहिला जातो? पन्नाशीच्या पुरुषाला नावाने हाक मारतात की सगळ्यांनाच 'बाळ'? नाताळच्या कार्यक्रमात या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर सापडत नाही. ती उत्तरे बुधवारी दुपारी चार वाजता सापडतात.

प्रभू येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपणांस तोंडपाठ आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या विश्वपत्राचे संपूर्ण दुसरे प्रकरणच या दाखल्यावर आहे. तरीही आपल्या प्रवचनांतून आणि चित्रांतून तो दाखला बहुधा रस्त्यावरच संपतो. शोमरोनी वाकतो, जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, घायाळाला आपल्या जनावरावर बसवितो, आणि आपण पुस्तक मिटतो. दाखला मात्र पुढे जातो. शोमरोनी त्याला उतारशाळेत नेतो, रात्रभर स्वतः त्याची शुश्रूषा करतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या चालकाच्या हाती दोन नाणी ठेवतो आणि सांगतो की मी परत येईन व अधिक खर्च झाला असल्यास तो भरून देईन. या एका आश्वासनात दोन गोष्टी आहेत. चालकाला त्यातून आधार मिळतो की खर्चाची काळजी नको, आणि त्याला हेही कळते की या माणसाची विचारपूस करणारा कुणी आहे. आपण आपली माणसे उतारशाळेत पोहोचविली, नाणीही दिली. परत येण्याचे तेवढे विसरलो.

असे काही बोलू लागले की ठराविक आक्षेप कानी येतात. त्यांचा समाचार घेणे भाग आहे.

पहिला आक्षेप कृतज्ञतेचा. जी माणसे आपल्या घरातील ओझे स्वतःच्या शिरावर घेतात, त्यांनाच प्रश्न विचारायचे? या आक्षेपात सौजन्य कमी आणि भीती अधिक आहे. प्रश्न विचारले तर "मग घेऊन जा आपल्या माणसाला" असे उत्तर येईल, ही ती भीती. म्हणून आपण हात जोडतो आणि गप्प बसतो. याच वसईच्या समाजाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासमवेत हरित वसईसाठी रस्त्यावर उतरून, विहिरींच्या पाण्याचा आणि झाडांचा जाब सत्ताधाऱ्यांना विचारला होता. पाण्यासाठी निर्भय होणारा समाज आपल्याच रक्तामांसाच्या माणसांसाठी मुका व्हावा, ही शोभनीय गोष्ट नव्हे. शिवाय, जो प्रामाणिकपणे सेवा करतो त्याला प्रश्नांचे भय नसते. खरे तर एकाकी पडलेल्या सेवकाला कुणीतरी येऊन विचारावे, पाहावे, आपली अडचण ऐकावी, हेच हवे असते.

दुसरा आक्षेप असा की ही घरे लहान आहेत, कुटुंबासारखी आहेत. तेथे तपासणी कशाला? लहान घर अनेकदा खरोखरच चांगले असते, हे मी मान्य करतो. परंतु लहानपण हा काही सद्गुण नव्हे. लहान घरात किल्ली एकाच हाती असते, पाहणारे डोळे थोडे असतात आणि शेजाऱ्यांना आतले ऐकू येत नाही. तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवणारी अशीच खाजगी निवासगृहे होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांतील एका झोपडीवजा निवासाला आग लागली. आतील माणसे साखळदंडांनी जखडलेली होती. २८ जणांचा अंत झाला. बहुतेकांना त्यांच्या नातेवाइकांनीच तेथे आणून सोडले होते. त्यांनीही आपल्यासारखाच सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

आणि शासनाची देखरेख असली की सारे आलबेल असते, असेही कुणी समजू नये. १९९४ साली आपल्याच महाराष्ट्रात, शिरूर येथील शासकीय संस्थेतील मतिमंद मुली व स्त्रिया यांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. मासिक पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे त्यासाठी देण्यात आलेले कारण. स्त्री-संघटनांनी आवाज उठविला तेव्हा कुठे महाराष्ट्राला त्याची लाज वाटली. सांभाळणाऱ्याची सोय हीच सांभाळल्या जाणाऱ्याच्या हिताची व्याख्या झाली की माणुसकी कुठल्या थराला जाते, याचा हा धडा आहे. तो धडा मोठ्या संस्थेइतकाच लहान घरालाही लागू आहे.

तिसरा आक्षेप आपल्या मंडळींचा विशेष लाडका: अशा गोष्टी चव्हाट्यावर आणल्या तर ख्रिस्तसभेची बदनामी होते. याचे उत्तर द्यायला फार दूर जाण्याची गरज नाही. १९६४ साली फ्रान्समधील त्रोली-ब्रेय या खेड्यात झाँ व्हानिए यांनी बौद्धिकदृष्ट्या अपंग असलेल्या दोन पुरुषांबरोबर एका साध्या घरात राहावयास आरंभ केला. त्यातून 'लार्श' ही चळवळ जन्मास आली. अपंगांसाठी काही करण्यापेक्षा त्यांच्यासोबत राहणे, एका मेजावर जेवणे, हे तिचे सूत्र. १९७० साली ती 'आशा निकेतन' या नावाने बंगळूरमध्ये, म्हणजे आपल्या देशातही आली. लहान निवासी घर कसे असावे याचा तो आदर्श मानला गेला आणि व्हानिए यांना हयातीतच संतांचा मान मिळाला. २०१९ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी-अहवालाने उघड केले की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. २०२३ च्या विस्तृत अहवालात हा आकडा किमान २५ पर्यंत गेला. पीडित स्त्रिया अपंग रहिवाशांपैकी नव्हत्या, हेही त्या अहवालांनी नमूद केले.

ही वार्ता वाचून माझ्यासारख्या अनेकांच्या पायांखालची जमीन सरकली. परंतु त्यातली एक गोष्ट आपण नीट पाहिली पाहिजे. ही चौकशी कुणा शत्रूने लादली नव्हती. ती लार्शनेच स्वतःहून करविली, बाहेरच्या तज्ज्ञांकडे सोपविली आणि आपल्या संस्थापकाविषयीचे निष्कर्ष आपल्याच सहीने जगापुढे ठेवले. संस्था त्यामुळे कोसळली नाही. तिची घरे आजही चालू आहेत. संस्थापक कितीही थोर असला तरी त्याच्या थोरवीवर दुर्बलांची सुरक्षितता टांगून ठेवता येत नाही, हे तिने सर्वांच्या आधी कबूल केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली काढलेल्या व २०२३ साली सुधारून कायम केलेल्या 'व्होस एस्तिस लुक्स मुन्दी' या नियमपत्रातही बालकांच्या जोडीने असुरक्षित प्रौढांचा विचार केलेला आहे, आणि धर्मगुरू व व्रतस्थ यांच्यावर अत्याचाराची माहिती वरिष्ठांना कळविण्याचे बंधन घातलेले आहे. बदनामीच्या भयाने गप्प बसणे ही निष्ठा आहे, असे आता कुणालाही म्हणता येणार नाही.

चौथा आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. या घरांकडे पैसा अपुरा असतो. पण आपण देतो तो पैसा कशासाठी देतो, हेही पाहावे. आई-वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लागणार असेल तर खोलीसाठी देणगी मिळते. फ्रीज, वॉटर कूलर, चाकांच्या खुर्च्या मिळतात. रात्री जागणाऱ्या मदतनिसाच्या पगारासाठी देणगी देणारा दाता मी अद्याप पाहिलेला नाही, कारण पगारावर नाव कोरता येत नाही. परिणामी बारा-बारा तास राबणारी, मलमूत्र काढणारी, फिट आली तर मांडीवर डोके घेऊन बसणारी बाई तुटपुंज्या वेतनावर काम करते आणि चार ठिकाणी अधिक मिळाले की निघून जाते. तिच्या जागी नवी येते. कोण डाव्या हाताने जेवतो, कुणाला दूध सोसत नाही, गालावर मारून घेणे हा हट्ट नसून दुखणे आहे, हे सारे ज्ञान पहिलीबरोबर दाराबाहेर जाते. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र काढून कामगाराच्या न्याय्य वेतनाचा पुरस्कार केला. सव्वाशेहून अधिक वर्षे आपण त्याचा अभिमान मिरवितो. आपल्याच सेवाभावी घरांतील मदतनीस त्या विश्वपत्राच्या बाहेर राहतो काय?

कायदा या बाबतीत आपल्यापुढे गेलेला आहे, हे सांगताना संकोच वाटतो. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यानुसार अशा व्यक्तींसाठी संस्था चालविण्यास नोंदणी-प्रमाणपत्र लागते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर याहून बारकाईने बोलतो. मनोरुग्णाला साखळीने बांधता येणार नाही. त्याच्या डोक्याचे केस सक्तीने भादरता येणार नाहीत. त्याला हवे असल्यास स्वतःचे कपडे घालता आले पाहिजेत, गणवेशाची सक्ती नको. त्याला पोषक अन्न, स्वच्छता व खाजगीपणा मिळाला पाहिजे. त्याच्याकडून बळजबरीने काम करून घेता येणार नाही आणि केलेल्या कामाचा मोबदला दिला पाहिजे. हा कायदा मानसिक आजारासाठी आहे, बौद्धिक अपंगत्व त्याच्या व्याख्येत येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माणसाच्या प्रतिष्ठेची मापे आजारागणिक बदलत नाहीत. मावसभावाच्या अंगातला परका सदरा पाहून मी गप्प बसलो, तेव्हा संसदेने जे मनोरुग्णासाठी लिहून ठेवले होते तेवढेही मला माझ्या रक्ताच्या माणसासाठी सुचले नव्हते.

मग करावे काय? माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक धर्मग्राम परिषदेने आपल्या धर्मग्रामातील किती प्रौढ माणसे अशा निवासांत आहेत याची यादी करावी. ती यादी कुठेच नसते. मृत्यूची वर्दी आली की मगच नाव आठवते. यादीतील प्रत्येक माणसामागे दोन प्रापंचिक नेमावेत. त्यांतील एकाचा त्या कुटुंबाशी संबंध नसावा, कारण नातलगांना भय असते आणि कधी कधी मालमत्तेतला वाटाही असतो. त्यांनी महिन्यातून एकदा, साध्या दिवशी, न कळविता जावे. वजनाची वही पाहावी, औषधांची नावे विचारावीत, त्या माणसाशेजारी बसून त्याच ताटातले जेवावे. जे चांगले दिसेल ते चालकांना मोकळेपणाने सांगावे, जे खटकेल तेही सांगावे, आणि दोनदा सांगूनही ऐकले नाही तर लेखी कळवावे. नाताळच्या केकचा खर्च एक वर्ष थांबवून तो रात्रीच्या मदतनिसाच्या वेतनात घालावा. ज्या घराला ही ये-जा नको असेल, त्या घरी आपले माणूस ठेवू नये.

हे मी फार उशिरा शिकलो. आता मी दर महिन्याच्या एका बुधवारी जातो. पहिल्या दोन भेटींत कपाळाला आठ्या होत्या. तिसऱ्या भेटीत मुख्य मदतनीस बाईंनी स्वतःहून मला बसवून घेतले आणि तासभर आपल्या अडचणी सांगितल्या. आजवर त्यांना कुणी विचारलेच नव्हते. आता भिंतीवर वजनाचा तक्ता आहे आणि माझ्या भावाच्या नावाचा एक कप्पा आहे, त्यात त्याचे स्वतःचे तीन सदरे आहेत. त्याला घरी आणण्याचे धैर्य मात्र आमच्यापैकी कुणालाही झालेले नाही, हेही येथे लिहून ठेवतो. निघताना तो प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारतो, "परत कधी?" पूर्वी मी "येईन रे" म्हणत असे. आता तारीख सांगतो, आणि तो ती बोटांवर मोजतो.